नवव्या तुकड्याचा बाण

१२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. बाबा पत्राची सुरुवात ‘पत्रास कारण की’ अशी करायचे आणि मग दोन पानं ते कारण सोडून बाकी सगळं लिहायचे. मीही त्यांचीच मुलगी. तरी कारण आधीच सांगून टाकते. तुझी लेक पंधरा दिवसांपासून आमच्या संस्थेत कामाला लागली आहे. तिने तुला सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर आता माझ्याकडून कळलं म्हणून तिच्यावर डाफरू नकोस. तिने अर्ज केला तेव्हा मला विचारलं नव्हतं आणि निवड करणाऱ्यांत मी नव्हते, हे आधीच लिहून ठेवते.

सगळे म्हणतात ती तुझ्यासारखी दिसते. मला ती आईसारखी वाटते, विशेषतः एखादी गोष्ट पटली नाही की ओठ आत घेते तेव्हा. मला ती चारचौघांत ‘आत्या’ म्हणते. आमच्या प्रमुखांनी पहिल्याच दिवशी भुवया वर केल्या, तर त्यांना म्हणाली, “घरी आत्या, इथे मॅडम, अशी दोन माणसं मी कुठून आणू?” आपण दोघं मात्र सात वर्षं ते करत होतो. बोटीवर मी ‘मॅडम, तुम्ही’ आणि घरी आल्यावर ‘तायडे, तू’. नियम मीच केला होता, आणि तू तो इतका इमानाने पाळायचास की आईला हसू यायचं.

तिचं काम म्हणजे प्रवाळांतून ड्रिलने काढलेल्या जुन्या सगळ्या कोअरची यादी. लांब लाकडी पेट्या एकेक उघडायच्या, प्रवाळाचे तुकडे नव्या यंत्रात घालून आतून चित्र काढायचं, वर्षाच्या रेघा मोजायच्या आणि प्रत्येक तुकड्याची नोंद संगणकात भरायची. ती टाचणीच्या टोकाने मोजते. शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून. मी एप्रिलअखेर निवृत्त होते आहे, त्याआधी यादी संपवायची असं ठरलं आहे. निरोपाचा कार्यक्रम आहे, तेहतीस वर्षांच्या कामाचं कौतुक वगैरे. माझं कौतुक ऐकायला मी स्वतः हजर राहणार, हे तुला नवं वाटणार नाही.

परवा आजोबांची पेटी उघडली. यादीत त्या प्रवाळाला नुसता आकडा आहे, त्यामुळे तुझी लेक विचारत होती, आजोबा कोण? मी सांगितलं, बेटामागचा दोन पुरुष उंच दगडी प्रवाळ, तीनशे वर्षांचा, ज्याच्या डोक्यात तुझ्या बापाने भोक पाडलं.

एक किरकोळ विचारायचं होतं. त्या कोअरचे तेरा तुकडे. प्रत्येकाची मधली पट्टी आपण एक्स-रेसाठी कापून घेतली आणि दोन्ही बाजूंच्या कडा जपून ठेवल्या. बारा तुकड्यांच्या कडा जागेवर आहेत. नवव्याची एक कड नाही, नेमकी तू बाण कोरलेली. तुझ्या जुन्या सामानात चुकून गेली असेल का? सापडली तर कळव. नाही सापडली तरी हरकत नाही.

तब्येतीला जप. गुडघा कसा आहे?

तुझी,
तायडी


४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी तरी कुठे धरून चालले होते. कडेचा विषय सोडून दे, तुझ्याकडे नसणारच.

तुझी खबर मी तुझ्या लेकीकडून काढते. ती सरळ उत्तर देत नाही, पण डब्यातलं खाताना तिचं लक्ष नसतं, तेव्हा थोडंथोडं निसटतं. तू म्हणे आता पाण्याच्या टाक्यांत उतरतोस. शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या टाक्या, तळाचा गाळ काढायचा, भेगा बुजवायच्या. समुद्र तिथून दिवसभराच्या प्रवासावर. मी विचारलं, अंधाऱ्या टाकीत त्याला दिसतं तरी काय? ती म्हणाली, “बाबा म्हणतात, स्वतःचे हात दिसतात, तेवढे पुरतात.” मी तो डबा तिथेच ठेवला आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठले.

आजोबा गेले. हे तुला माझ्याकडून कळायला हवं म्हणून लिहिते. लागोपाठ दोन उन्हाळे पाणी तापलं. पहिल्या खेपेला ते पांढरेफटक पडले आणि कसेबसे सावरले, दुसऱ्या खेपेला नाही. तुझी लेक गेल्या महिन्यात बोटीवरून जाऊन बघून आली. सगळ्या अंगावर हिरवट लव धरली आहे. तू भोक बुजवायला बसवलेलं सिमेंटचं बूच तिने खूप शोधलं, सापडलं नाही. ते आजोबांनी पाच वर्षांतच आपल्या अंगाखाली घेतलं होतं, मीच मागे बघून आले होते आणि तुला सांगायचं राहिलं. आपण बोलत नव्हतो तेव्हा.

ड्रिल लावायच्या आधी तू तळहात टेकवून घटकाभर थांबायचास. मी वर बोटीत घड्याळ बघत चरफडायची, पाठीवरच्या टाकीतली हवा उगाच खर्च होते म्हणून. एकदा तुला विचारलंही, काय करतोस तिथे, परवानगी मागतोस? तू म्हणालास, “नाही मॅडम, क्षमा. परवानगी तुम्ही कागदावर घेतलीच आहे.” बोटवाला इतका हसला की सुकाणू सोडलं.

लेकीला मी आपला पहिला नियम शिकवला, बाण जिवंताकडे. प्रवाळाचा जिवंत भाग म्हणजे वरचा बोटाच्या पेराएवढाही थर नाही, खालचं सगळं त्याने मागे टाकलेलं. कोअर काढताना तुकडे पडतात, ड्रिलमध्ये फिरून त्यांची टोकं घासून गुळगुळीत होतात, मग कुठलं टोक वरचं आणि कुठलं खालचं हे सांगायला पाणबुड्याने पाण्यातच कोरलेला बाण तेवढा उरतो. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे सगळी भिस्त बाण काढणाऱ्यावर.” मी हो म्हटलं.

मग तिने नवव्याचं विचारलं. तो अकरा वर्षांपूर्वीचा शेरा तिने फायलीत वाचला होता, ‘पाणबुड्याच्या हयगयीमुळे बाण उलटा’. तो तुकडा उलटा धरला गेला, त्यातली तापलेल्या वर्षाची काळी रेघ बावीस वर्षं मागे सरकली, समुद्र एवढा तापल्याची सगळ्यात जुनी खूण आम्हालाच सापडली असं मी जगभर सांगत सुटले, आणि दुसऱ्यांचे कोअर जुळेनात तेव्हा त्यावरचा माझा शोधनिबंध मागे घ्यावा लागला, हे सगळं तिला आधीच ठाऊक होतं. मी म्हटलं, चूक कुणाकडूनही होते, तुझ्या बाबांकडूनही. मी ते कधी मनात धरलं नाही. तूही आता धरू नयेस, असं मला वाटतं.

तुझी,
तायडी


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

कड सापडली. माझ्याच घरात होती.

परवा तुझी लेक चहाला आली होती. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला मी खाली एक दगड लावते. ती खुर्ची ओढायला गेली आणि तो मध्ये आला. तिने उचलला, उलटा करून बघितला, होता तिथे परत ठेवला. मग बसली आणि म्हणाली, “आत्या, साखर कमी घालतेस हल्ली.” मी साखरेचा डबा आणायला गेले.

तो दगड म्हणजे नवव्याची कड. आता तू विचारशील, प्रवाळाचा तुकडा दाराला लावेपर्यंत या बाईला कळलं कसं नाही. निबंधाच्या त्या चौकशीच्या धांदलीत कागदांच्या पिशवीतून घरी आली असावी. मग इकडची तिकडे होत दारापर्यंत पोचली. घरातल्या वस्तूंकडे आपण कुठे बघतो.

तिच्यावर तुझाच बाण आहे, माशाच्या शेपटीचा. बाणाच्या मागे दोन रेघा ओढून शेपटी करायची तुझी शाळेपासूनची खोड. वह्यांवर, दारावर, माझ्या प्रवेशपत्रावरसुद्धा काढला होतास आणि मी तुला बदडलं होतं. बाण नेमका कुठल्या टोकाकडे आहे ते मी अजून नीट पाहिलेलं नाही. चष्म्याचा नंबर बदलला आहे, नवा करायला टाकला आहे.

तुझ्या लेकीने त्या शेपटीचा अर्थ लावला की नाही, कळायला मार्ग नाही. चेहऱ्यावर काही दिसू देत नाही ती. निघताना चपला घालता घालता म्हणाली, “आत्या, नवव्याचा रकाना मी मार्चअखेरपर्यंत मोकळा ठेवते आहे. नंतर मात्र जुना शेरा उतरवून काढावा लागेल. आणि नोंद करणाऱ्याची सही असते खाली.”

नोंद करणारी ती. म्हणजे बापाची हयगय आता मुलीच्या सहीने कायमची होणार. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि त्या दगडाशेजारी जमिनीवर बसले. माझं वय आणि माझे गुडघे बघता उठायला बराच वेळ लागला.

त.


९ मार्च

धाकट्या,

मागच्या तिन्ही पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. परत मागवता येत नाहीत म्हणून हे चौथं.

चष्म्याला काही झालेलं नाही. कड चुकून घरी आलेली नाही. ती मी आणली, आणि अकरा वर्षं बाणाची बाजू भिंतीकडे करून ठेवली. केर काढतानासुद्धा फिरवली तर पुन्हा तशीच लावायची. आणि पहिल्या पत्रात तुलाच विचारलं, तुझ्या सामानात गेली का म्हणून. मला वाटलं होतं, तू नाही म्हणून कळवशील, मग ते पत्र लेकीला दाखवता येईल आणि विषय मिटेल. वाचून तुला काय वाटलं असेल याचा विचार मी ते पत्र पेटीत टाकल्यावर केला.

कोअर कापला तो दिवस तुला आठवणार नाही, कारण तू तिथे नव्हतास, फोनवर होतास. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोणी न्यायचं यावरून आपलं वाजलं होतं. करवतीखालून नवव्याची ओली पट्टी माझ्या हातात आली. रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरलेला, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात मार्कर. कडेवरचा तुझा बाण बघायचा आणि पट्टीवर तसाच काढायचा, एवढंच काम. मी तुला म्हणत होते, “तुझं नेहमीचंच आहे, कशातच लक्ष नाही, नुसती हयगय.” तेवढ्यात पट्टी हातातून निसटायला लागली, मी ती सावरली, फिरवली आणि बाण काढला. तुझ्यावर ओरडण्याच्या नादात तुझाच बाण मी उलटा केला, रे. पुढचं सगळं त्या एका रेघेवर उभं राहिलं. निबंध, बक्षीस, वर्तमानपत्रातला माझा तो फोटो.

चौकशी समितीच्या दिवशी मी सकाळी सव्वाआठला संस्थेत आले. समितीला दाखवायला कडा बाहेर काढल्या. बारा जुळल्या. नवव्याच्या कडेवर तुझा बाण होता, बरोबर, शेपटीसकट, आणि पट्टीवर माझा उलटा. दोन्ही समोरासमोर धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तोवर मलाही प्रामाणिकपणे वाटत होतं की तुझंच चुकलं. एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे आणि ते फक्त सव्वाआठपर्यंतचं आहे.

प्रयोगशाळा हातची जाणार हे दिसत होतं. वीस वर्षं एकेक पेटी, एकेक कपाट भांडून मिळवलेलं. मी कड पिशवीत घातली, वर डबा ठेवला, आणि दहा वाजता बैठकीत बसले. सांगितलं, पाणबुड्याची हयगय झाली, कड सापडत नाही. चूक म्हणता आलं असतं. पण तोच शब्द तोंडात आला, फोनवरचा.

त्यांनी तुला विचारलं तेव्हा तू हात मांडीवर ठेवून बसला होतास. तू म्हणालास, “बाण मी जिवंत बाजूकडेच काढतो. पण मॅडम म्हणतात तर त्यांनी बघूनच सांगितलं असेल. माझ्याच हातून झालं असेल.” माझी पिशवी माझ्या पायाशी होती.

मग जिन्यात तू मला गाठलंस. आजूबाजूला कुणी नव्हतं. बोटीवरचा नियम जिन्यात लागू नव्हता. तू म्हणालास, “तुम्ही जेवून घ्या. तुम्हाला उशीर झालाय.” ते तुझं शेवटचं वाक्य. संस्थेने तुला पाणबुड्यांच्या यादीतून काढलं, दुसऱ्या कुणी घेतलं नाही, आणि तू सामान बांधून गेलास. आईच्या आजारपणातही मी कामावर असायची त्या वेळा बघून यायचास. घरी आल्यावर कळायचं की येऊन गेलास, आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असायचा.

अकरा वर्षं मी समजत होते की रागाने तू मला तुम्ही म्हणालास. तुझा राग मला सोयीचा होता. हा एवढा रागावला आहे, आता सांगून तरी काय उपयोग, असं म्हणता यायचं. पण गेल्या आठवड्यात तुझी लेक सहज बोलून गेली, “बाबा अजून एखाद्या खोक्यावर बाण काढताना दोनदा बघतात. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही, माझ्यामुळे ताईला लोकांपुढे मान खाली घालावी लागली.”

म्हणजे तू लाजेने तुम्ही म्हणालास. माझं तोंड बघायची तुला लाज वाटली, म्हणून तू गेलास, आणि मी तुला जाऊ दिलं.

तुझा हात बरोबर होता. पाण्यात, नऊ मीटर खाली, गारठलेल्या बोटांनी कोरलेला बाण बरोबर होता. हे मी तुला आधी लिहिते आहे, आता बाकीच्यांना सांगायचं आहे. हे वाचून तू माझ्यावर रागावशील. आजवर स्वतःवर रागावलेला होतास, त्यापेक्षा ते बरं.

तायडी म्हणून सही करायला हात धजत नाही.


३० मार्च

धाकट्या,

सांगितलं.

आधी प्रमुखांकडे गेले. कड त्यांच्या टेबलावर ठेवली, कागदांच्या ढिगाऱ्यात. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, दार लोटलं आणि म्हणाले, “आता कशाला उकरता? महिना राहिलाय तुमचा. नोंद करताना गफलत झाली असं लिहून टाकू, कुणाचं नाव नको.” तुला सगळं खरं लिहायचं म्हणून हेही लिहिते की मला ते एकदम आवडलं. त्यांनी चहा मागवला आणि मी तो सगळा प्यायले. कप खाली ठेवला तेव्हा कडेवरचा बाण माझ्याकडे होता. मी म्हटलं, नको, नावानिशी लिहू. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एरवी मी तुला नक्कल करून दाखवली असती.

मग यादीच्या खोलीत गेले. तुझी लेक टाचणी घेऊन मोजत होती. मी तिचा आकडा पूर्ण होईपर्यंत थांबले आणि मग सांगितलं. फोनपासून जिन्यापर्यंत सगळं.

ती म्हणाली, “मला माहीत होतं. दार अडवायच्या दगडावर शेपटी दिसली तेव्हाच कळलं. आमच्या घरी प्रत्येक खोक्यावर तोच बाण असतो.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने टाचणी डबीत ठेवली, डबी बंद केली. “तुम्ही बोलायला हवं होतं. मी वाट बघत होते.”

तुम्ही. तोच शब्द, दुसऱ्या पिढीकडून. त्याला मी आधीच सरावलेली असायला हवी होते, पण तसं काही होत नाही.

तिने रकाना उघडला आणि मोठ्याने बोलत लिहीत गेली, “पाणबुड्याचा बाण बरोबर. पट्टीवर बाण उलटा काढला, संशोधिका.” तिथे थांबली. माझ्याकडे न बघता विचारलं, “हयगय लिहू?” मी म्हटलं, लिही. तिने लिहिलं. खाली सही तिला करू दिली नाही, ती मी केली. प्रमुखांची सही दुसऱ्या दिवशी मिळाली. निबंध मागे घेतल्याच्या त्या जुन्या निवेदनाचीही दुरुस्ती पाठवली आहे. तिची नक्कल सोबत जोडते. तुला ती घेऊन पुन्हा कुणा संस्थेकडे जायचं असेल तर जा. समुद्रात उतरावंसं वाटत असेल तर उतर. माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस.

निरोपाच्या कार्यक्रमाला मीच नको म्हटलं. कुणी फारसा आग्रह केला नाही.

कडेचे फोटो, मापं सगळं झालं. प्रमुखांच्या परवानगीने मी ती तुला पाठवते आहे. वेगळ्या पार्सलने येईल. इतकी वर्षं माझ्या दारात पडून होती, आता तू तुझ्या डोळ्यांनी बघ. बाण कुठे आहे ते बघ. मला तेवढंच हवं आहे.

मला क्षमा कर असं लिहून तीन वेळा कागद फाडला. मागायची आहे, पण मागितली की तुला देण्याचं किंवा न देण्याचं काम लागतं. आधीच मी तुला पुष्कळ कामं लावली.


३० एप्रिल

धाकट्या,

काल तुझं पार्सल मिळालं.

खोकं दारात बघूनच कळलं. चारही बाजूंनी शेपटीचा बाण आणि खाली ‘ही बाजू वर’. मी पाठवलं होतं ते नुसत्या रद्दीत गुंडाळून. तू आतून भुसा घातला आहेस, त्यावर जुन्या टॉवेलच्या पट्ट्या, आणि दोऱ्याची ती बोटीवरची गाठ, जी मला कधीच सोडवता आली नाही. कापायला जीव झाला नाही. तास घालवला आणि सोडवली. तुझी लेक बघत उभी होती, तिने दोन वेळा कात्री पुढे केली. ती अजून मला तुम्हीच म्हणते. डबा मात्र माझ्याच टेबलावर येऊन खाते.

आत कड होती आणि एक कार्ड. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, पाण्याखाली लिहिल्यासारखं.

तू लिहिलं आहेस, ‘कड मिळाली. बाण बघितला. इथे ठेवून उपयोग नाही, पेटीत तिच्या जागी ठेवावी. खाली कापूस घालावा, नाहीतर कोपरा झिजेल.’ सही नाही. वर मायना नाही.

मी ते कार्ड कालपासून किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझा धंदाच रेघा वाचण्याचा. ठेवावी, घालावा. मराठीत ही सोय चांगली आहे, समोरच्याला तूही म्हणावं लागत नाही आणि तुम्हीही. चार ओळींत तू मला कुठलीच हाक मारली नाहीस. नीट जपून, कुठेही न अडखळता. त्यात राग आहे का, हे मला ओळखता येत नाही. मला तुझा राग कधीच नीट ओळखता आला नाही, हे आता कळतं. तू पुन्हा समुद्राकडे जाणार का, तेही लिहिलेलं नाहीस, आणि विचारण्याचा हक्क मी गमावून बसले आहे. अकरा वर्षं गेली. ती कुठल्या पेटीत ठेवता येत नाहीत.

पण ‘ठेवावी’च्या आधी एक शब्द खोडलेला आहे. पेन्सिलीने, आडव्या तीन रेघांनी. आज सकाळी मी कार्ड खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि भिंग लावून पाहिलं. ‘ठेव’ आहे.

आज माझा संस्थेतला शेवटचा दिवस होता. किल्ल्या द्यायच्या आधी कोअरच्या खोलीत गेले. आजोबांची पेटी खाली काढली, कापूस घातला, आणि आठव्या तुकड्याच्या पुढे, बाण जिवंताकडे करून, कड ठेवली. ठेवावी म्हणून नाही. ठेव म्हणालास म्हणून.

तायडी